विद्यापीठातली मुलं टीव्हीवरचे टॉक शो खरे मानतात की नुसती करमणूक म्हणून बघतात?

गाव यवतमाळ जिल्ह्यात, एम.ए. अमरावती विद्यापीठातून. आमच्या होस्टेलवर सिनेनटांच्या मुलाखती करमणूक म्हणूनच चालायच्या. चर्चेचे कार्यक्रम मात्र आम्ही त्यातली माणसं बघण्यासाठी लावायचो: कोणाला मध्येच तोडलं, कोणाला पुन्हा बोलू दिलं. ही नजर मला कुठून आली ते सांगतो.

२०१७ चा ऑक्टोबर. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, अळी आवरत नव्हती, आणि कीटकनाशकाचा फवारा मारणाऱ्याच्याच तोंडावर यायचा. जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. माझे काका वाचले, पण दोन दिवस त्यांना धड दिसत नव्हतं. समोर धरलेला पाण्याचा गिलास हातानं चाचपत होते.

त्याच सुमारास एका वाहिनीनं तालुक्याला चर्चा ठेवली. समोर बसायला विद्यार्थी पाहिजे होते, म्हणून मी गेलो. मला विचारायचं होतं, डब्यावरची मुंगीएवढी अक्षरं शेतमजुरानं वाचायची कशी? आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारा म्हणणाऱ्या दुकानदाराला जाब कोण विचारणार? सुरू व्हायच्या आधी वाहिनीच्या एका मुलीनं हातात चिठ्ठी दिली. 'शेतकरी हातमोजे आणि मास्क का वापरत नाहीत?' म्हणाली, हाच विचारा, वेळ कमी आहे. माइक आला तेव्हा मी माझाच प्रश्न विचारला. निवेदक 'चांगला मुद्दा' म्हणाले आणि माइक पुढे गेला.

कार्यक्रम लागला त्या दिवशी सगळं घर टीव्हीपुढे. माझा प्रश्न कापला होता. पाहुणे हातमोज्यांवर बोलत होते आणि मी मान हलवताना दिसत होतो. काका उठून अंगणात गेले. आई म्हणाली, "तू तं काईच नाई बोलला बापा."

आमचे एक सर वर्गात नेहमी म्हणायचे, खेड्यातली मुलं पडद्यावरचं सगळं खरं धरतात, शहरातली चिकित्सा करतात. साफ चूक. ज्याच्या घरचं पडद्यावर येतं त्यालाच काय गाळलं ते कळतं. २४ जून २०१२ ला, रविवारी, आमिर खानच्या 'सत्यमेव जयते' कार्यक्रमाचा कीटकनाशकांवरचा भाग लागला. दूरदर्शनवरही दाखवायचे, म्हणून डिश नसलेल्या आमच्या घरातही तो पाहिला. माझी नुकतीच दहावी झाली होती, मला सगळं पटलं. बाबांनाही पटलं, पण टीव्ही बंद करता करता ते म्हणाले, "फवारा सोडला तं अळीचं काय करू, हे कोनी सांगतलं?" बाबा सातवी शिकलेले. याला चिकित्सा नाही तर काय म्हणायचं?

सगळ्याच चर्चा बनावट असतात असं मी म्हणत नाही. विषारी फवाऱ्याबद्दल आमच्या घरात पहिल्यांदा बोलणं झालं ते त्या रविवारीच. शिवाय आताची मुलं अख्खा कार्यक्रम कुठे बघतात, मोबाइलवर दोन मिनिटांचा तुकडा बघतात. त्यांचं वेगळं असेल.

पण अभ्यासासाठी विचारत असाल तर 'विश्वास बसतो का' असं विचारू नका. विचारा, तुझ्या गावावर कार्यक्रम झाला तेव्हा काय सांगायचं राहून गेलं? सरांनी एकदा तरी हे विचारायला पाहिजे होतं. दोन वर्षं मी त्यांच्या तासाला बसलो. ती चिठ्ठी माझ्या फाइलमध्येच होती, अजून आहे.