‘रन’ म्हणजे चालणे

प्रश्न असा आहे: ‘माय नोज इज रनिंग’, ‘शी रन्स अ शॉप’, ‘वी रॅन आउट ऑफ शुगर’ या वाक्यांत धावतंय कोण? कोशात ‘रन’चा पहिला अर्थ ‘धावणे’ असतो, मग बाकीचे अर्थ त्यातून निघाले कसे?

बाकीचे अर्थ थोडेथोडके नाहीत. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढच्या सुधारणेत ‘रन’ने त्याला मागे टाकलं. एकट्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ तिथे नोंदवले आहेत.

पण हे सगळे पाठ करायची गरज नाही. घोटाळा होतो तो आपण ‘धावणे’ला धरून बसतो म्हणून. ‘रन’च्या पोटात पायांइतकंच पाणीही आहे. त्याचा जर्मन भाऊबंद ‘रिनेन’ म्हणजे वाहणे, पाझरणे. म्हणजे खंड न पडता पुढे जात राहणं, हे या शब्दाचं मर्म. त्यामुळे नाक वाहतं, नदी वाहते, धुताना एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागतो, या सगळ्याला इंग्रजीत ‘रन’ चालतं.

आणि आत्ता सहज आलेलं ‘चालतं’ हेच त्याचं खरं मराठी! यंत्र चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, नाटक वर्षभर चालतं, करार मार्चपर्यंत चालतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसतं. फरक एवढाच, की आपण ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ अशी दोन रूपं करतो, इंग्रजी एकाच रूपावर भागवते. म्हणून आधी कर्म आहे का ते पाहावं. ‘द शॉप रन्स वेल’मध्ये कर्म नाही: दुकान चांगलं चालतं. ‘शी रन्स द शॉप’मध्ये आहे: ती दुकान चालवते.

हे साम्य आणखी खोल जातं. आपण ज्याला चालू खातं म्हणतो, त्याला इंग्रजीत ‘करंट अकाउंट’ म्हणतात, आणि हा ‘करंट’ लॅटिनमधल्या ‘कुर्रेरे’पासून आला. त्याचा अर्थ धावणे! ‘करन्सी’ही त्याच घरातली; आपल्याकडे तिला चलन. तिकडे जे धावतं ते इकडे चालतं. उलट ‘धावती भेट’ म्हणताना आपण धावतो, तर इंग्रजी ‘फ्लाइंग व्हिजिट’ म्हणत उडते.

खरी अडचण पुढे जोडलेल्या छोट्या शब्दांची. ‘रन आउट ऑफ’मध्ये माणूस कर्ता असतो, मराठीत वस्तू: आमची साखर संपली. शब्दाला शब्द ठेवत गेलं की हे वाक्य हमखास फसतं. ‘रन डाउन’ संदर्भाप्रमाणे बदलतं. बॅटरी उतरते, गाडी कुणाला उडवते, कुणी कुणाची नालस्ती करतं, आणि विशेषण झालं तर इमारत मोडकळीला आलेली किंवा माणूस थकलेला असतो. ‘रन इन्टू’मध्ये झाडावर आदळणं आणि ओळखीचं माणूस अचानक भेटणं दोन्ही येतं, रकमेबद्दल असेल तर ‘लाखांच्या घरात जाणे’ हे नेमकं मराठी.

‘शी रॅन अप द स्टेअर्स’ आणि ‘शी रॅन अप अ बिल’ दिसायला सारखी, पण नामाऐवजी ‘इट’ घालून बघा. जिन्यासाठी ‘रॅन अप इट’ होतं, बिलासाठी ‘रॅन इट अप’. ‘इट’ मधोमध शिरलं की समजावं, क्रियापद आणि छोटा शब्द मिळून नवा अर्थ झाला आहे. इथे बिल वाढवून ठेवणं. कसोटी उपयोगी आहे, पण सरसकट लावू नये: ‘रन इन्टू’ कधीच तुटत नाही, तरी ‘भेटणे’ हा त्याचा अर्थ वेगळाच आहे.

निवडणुकीला अमेरिकन माणूस ‘रन’ करतो, ब्रिटिश ‘स्टँड’. आपणही उभेच राहतो. ‘इट रन्स इन द फॅमिली’ म्हणजे ते घराण्यातच आहे. ‘रन विथ द हेअर अँड हंट विथ द हाउंड्स’ला ‘दोन्ही डगरींवर हात ठेवणे’ चपखल बसतं. ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे गिरणीतून प्रतवारी न करता निघालेला माल, त्यावरून सर्वसाधारण. ‘रन द गाँटलेट’मधल्या गाँटलेटचा मात्र त्याच नावाच्या हातमोज्याशी काही संबंध नाही. तो स्वीडिश ‘गाटलोप’चा अपभ्रंश आहे. मारणाऱ्यांच्या दोन रांगांमधून धावायला लावण्याची ती शिक्षा होती, म्हणून चहूबाजूंनी होणारा मारा किंवा टीका सोसत जाणं हा अर्थ.

लिहिताना दोन चुका फार होतात. ‘हॅज रॅन’ चूक, ‘हॅज रन’ बरोबर. रन, रॅन, रन अशी रूपं आहेत. दुसरी ‘रनिंग’च्या जागेची. ‘सलग तीन दिवस’साठी ‘थ्री डेज रनिंग’ म्हणतात, ‘थ्री रनिंग डेज’ नाही. नामाआधी आलं की अर्थ बदलतो: ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतं किंवा नळाचं पाणी, ‘रनिंग टोटल’ म्हणजे प्रत्येक नोंदीबरोबर पुढे नेत गेलेली बेरीज.