‘कळलं’ आणि ‘येतं’ यांच्या मधलं अंतर

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या वर्षांत रोजच्या जगण्याने काय शिकवलं. पुढच्या महिन्यात तुमचं पहिलं वर्ष सुरू होतंय, तेव्हा आधीच माहीत असलेलं बरं असं काय, हेही विचारलंय. माझं कॉलेज संपून तीन वर्षं झाली. उत्तर लिहायला बसले तेव्हा सगळ्यात आधी एक जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका आठवली. तिथूनच सुरुवात करते.

पहिल्या सत्राचा गणिताचा पेपर होता. आदल्या रात्री मी वहीतली सोडवलेली गणितं एकेक करून वाचत होते. प्रत्येक पायरी पटत होती: इथे हे सूत्र लागतं, मग हे पद पलीकडे जातं, मग हे छेदलं जातं. रात्री दीडला वही मिटली तेव्हा मनात धाकधूक अजिबात नव्हती. सकाळी प्रश्नपत्रिका हातात आली आणि पहिलाच प्रश्न ओळखीचा निघाला. तो वहीत डाव्या पानावर होता, खाली निळ्या शाईने चौकट केली होती, इतकंसुद्धा आठवत होतं. पण पेन टेकवलं आणि पहिली ओळ काय लिहायची तेच सुचेना. दुसऱ्या प्रश्नाचं तेच, तिसऱ्याचंही तेच. विषय राहिला.

मी पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना ‘पेपर अवघड होता’ असंच सांगत राहिले. खरं कारण कळलं ते एका वर्गमैत्रिणीच्या शेजारी बसून अभ्यास करायला लागले तेव्हा. ती एक गणित वाचायची, वही पालथी घालायची आणि पाठकोऱ्या कागदावर ते पहिल्यापासून लिहून काढायची. अडली की दोन-तीन मिनिटं तशीच बसून राहायची, पण वही उघडायची नाही. मला ते बघवत नसे. उत्तर हाताशी असताना हा जीव कशाला खायचा, असं वाटायचं. शेवटी तिने मला एकदा तसं करून बघायला लावलं. आदल्याच दिवशी मला ‘कळलेलं’ गणित होतं. तिसऱ्या ओळीवर मी थांबले.

तुम्हाला माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. वाचताना जे कळतं ते ओळखीचं झालेलं असतं. ते आपल्याला येतंच असं नाही, आणि गंमत म्हणजे दोन्हींची आतली भावना अगदी सारखी असते. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरच याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका गटाने एक उतारा चार बैठकांमध्ये पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढा लिहून काढला. वाचणाऱ्यांची सरासरी १४ वाचनं झाली, लिहिणाऱ्यांची तीन-चारच. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. यातलं मला सर्वांत जास्त लागलं ते पुढचं. आठवड्याने किती आठवेल असं आधी विचारल्यावर जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच. रात्री दीडला वही मिटताना मी नेमकी तशीच होते.

तेव्हापासून माझा अभ्यास हळू झाला. आधी एका संध्याकाळी एक अख्खं प्रकरण ‘व्हायचं’, आता चार गणितं व्हायची. सुरुवातीला ते फार निराश करणारं होतं, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारण याच टप्प्यावर मला दोनदा जुन्या पद्धतीकडे वळावंसं वाटलं. कागद घेऊन बसलं की आपल्याला काय येत नाही ते रोज डोळ्यांनी बघावं लागतं. वाचत राहिलं की ते दिसत नाही, म्हणून वाचत राहावंसं वाटतं.

या सवयीचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता: शिक्षकांना शंका विचारता यायला लागली. त्याआधी मी एकदा सरांकडे गेले होते आणि म्हणाले होते, ‘सर, हे प्रकरणच कळत नाही.’ त्यांनी प्रकरणच पुन्हा थोडक्यात सांगितलं, मी मान डोलावली आणि जशी गेले तशीच परत आले. नंतर मी कागद घेऊन जायला लागले. इथपर्यंत माझं मला आलंय, या ओळीवरून त्या ओळीवर कसं गेले ते कळत नाही, असं दाखवायचं. अशा प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि बहुतेक शिक्षकांना तो विचारलेला आवडतोही. वर्गात हात वर करायची लाज वाटत असेल तर तास संपल्यावर दारापाशी गाठा. मात्र त्याच दिवशी गाठा. परीक्षेच्या आठवड्यात सगळेच दारापाशी असतात.

दुसरा मोठा धडा गटाने करायच्या प्रकल्पात मिळाला. आम्ही चौघं होतो. कामं वाटली, प्रत्येकाला विचारलं, ‘कळलं ना?’ सगळे ‘हो’ म्हणाले. आमच्यातला एक जण शांत होता, त्याच्याकडे माहितीची छाननी करून तक्ते बनवायचं काम होतं. दर आठवड्याला विचारलं की म्हणायचा, ‘चाललंय.’ शेवटच्या आठवड्यात त्याने फोन उचलणंच बंद केलं. आम्ही तिघं त्याच्यावर खूप चिडलो, त्याच्यामागे नाही नाही ते बोललो. एका रात्री मी त्याच्या खोलीवर गेले तेव्हा त्याने लॅपटॉप फिरवून दाखवला. फाइल उघडी होती आणि त्यात पहिल्या रकान्यांच्या नावांपलीकडे काही नव्हतं. ती छाननी करायची कशी, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत नव्हतं. पहिल्या बैठकीत सगळे ‘हो’ म्हणाले म्हणून तोही म्हणाला, आणि नंतर ‘मला येत नाही’ म्हणणं दर आठवड्याला जास्तच अवघड होत गेलं.

मला त्याचा राग येईना, कारण ते दुखणं माझंच होतं. आम्ही दोघांनी बसून दोन दिवसांत ते काम उरकलं. पण मी तेव्हा ठरवलं की ‘कळलं ना?’ हा प्रश्न कुणालाच विचारायचा नाही. त्याला ‘हो’ शिवाय उत्तरच नसतं. त्याऐवजी मी विचारते, ‘तू सुरुवात कशाने करणार?’ ज्याला काम समजलंय तो लगेच सांगतो. ज्याला नाही तो अडखळतो आणि तिथेच, कुणाचा पाणउतारा न होता, बोलणं सुरू होतं. आता नोकरीतही रोज हेच विचारते.

त्याच प्रकल्पात वेळेचा अंदाजही साफ चुकला. तीन आठवड्यांचं काम म्हटलं होतं, सहा लागले. हे फक्त आमचंच होत नाही, हे नंतर वाचनात आलं. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मानसशास्त्राचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. आणि सगळंच बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही तोकडा पडला. अंदाज करताना आपण आपल्या मनातलं काम बघतो. त्यात छपाईयंत्र बंद पडत नाही, सही करणारे सर रजेवर जात नाहीत, आपल्यालाही ताप येत नाही. मला उपयोगी पडलं ते एवढंच: नव्या कामाला किती वेळ लागेल असं मनाला विचारायचं नाही, मागच्या तशाच कामाला किती लागला होता ते वहीत बघायचं. त्यासाठी मी प्रत्येक सबमिशनची सुरुवातीची आणि संपल्याची तारीख लिहून ठेवायला लागले. पहिल्या सत्रापासून लिहिलंत तर दुसऱ्या सत्रात तुमच्याकडे तुमचाच हिशोब असेल.

पैशांचंही मी असंच लिहायला लागले आणि महिना पुरायला लागला, त्यावर फार सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगते की मैत्रिणीकडून घेतलेले पैसे तिने मागायच्या आधी परत करा, रक्कम कितीही छोटी असली तरी. मागावं लागलं की तिला अवघड वाटतं, आणि ते अवघडलेपण पैसे परत केल्यावरही थोडं उरतं.

झोपेबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्याचा आमच्याकडे एक तोरा होता. कोण किती जागलं ते सकाळी सांगायचे. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांचा १९२४ चा एक जुना प्रयोग आहे, दोनच विद्यार्थ्यांवर केलेला. त्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला दिले आणि आठ तासांनी विचारले. मधले आठ तास झोपेत गेले असतील तर निम्म्याच्या आसपास आठवायचे. जागेपणी गेले असतील तर जेमतेम दहावा हिस्सा. पुढे असे कितीतरी मोठे प्रयोग झाले आणि झोपेचा स्मरणशक्तीला आधार असतो, हे आता पक्कं मानलं जातं. मी दुसऱ्या वर्षापासून परीक्षेच्या आधी अकराला दिवा मालवायचे. निम्मा भाग राहिला असला तरी मालवायचे.

दिव्यावरून आठवलं. वसतिगृहात माझी खोलीतली सोबतीण रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसायची. मला झोप यायची नाही. मी काही बोलले नाही, कारण तिला माझ्या कुशी बदलण्यावरून कळत असणार, असं मी धरून चालले. अडीच महिने मी मनात राग साठवत गेले, आणि मग एका दिवशी भलत्याच कारणावरून तिच्यावर ओरडले. ती रडवेली होऊन म्हणाली, ‘तुला दिव्याचा त्रास होतो हे तू एकदा तरी बोललीस का?’ खरोखरच बोलले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती टेबलावरचा छोटा दिवा भिंतीकडे वळवून लावायला लागली. तुम्ही कुणाबरोबर खोलीत राहणार असाल तर पहिल्याच आठवड्यात दिवा, गजर, पाहुणे आणि साफसफाई यांबद्दल बोलून घ्या. अजून राग आलेला नसतो तेव्हा हे बोलणं पाच मिनिटांत होतं.

आता घराबद्दल. विषय राहिल्याचं मी घरी दोन महिने सांगितलं नव्हतं. रोज फोन व्हायचा, रोज आई विचारायची, ‘सगळं ठीक ना?’ आणि मी ‘हो’ म्हणायचे. प्रकल्पातला तो मुलगा ‘चाललंय’ म्हणायचा ना, अगदी त्याच सुरात. त्या दोन महिन्यांत मला नापास झाल्यापेक्षा त्या रोजच्या ‘हो’चं ओझं जास्त झालं होतं. फोन आला की छातीत धडधडायचं. शेवटी एका रात्री मी न थांबता एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग आईने विचारलं, ‘बरं, मग परत कधी आहे गं पेपर?’

सगळ्यांच्या घरी असंच होईल असं नाही, हे मला माहीत आहे. काहींना घरी सांगणं खरंच कठीण असतं. त्यांनी दुसरं कुणीतरी मोठं माणूस गाठावं: मोठी बहीण, एखादे शिक्षक, कॉलेजात समुपदेशक असतील तर ते. पण कुणा एकाला तरी खरं माहीत असू द्या.

आईला गणित अजिबात येत नाही. तरी फेरपरीक्षेच्या आधी ती रोज फोनवर विचारायची, ‘आज काय केलंस? मला सांग.’ आधी मी टाळायचे, मग सांगायला लागले. तिला समजेल अशा शब्दांत, कागद समोर न घेता. ती मध्येमध्ये फक्त ‘हं’ म्हणायची. एका रात्री मी असंच काहीतरी समजावत असताना ती म्हणाली, ‘थांब, इथे तू फार घाईने पुढे गेलीस. हे परत सांग.’ मी परत सांगायला गेले आणि मला ते सांगता येईना. फोन ठेवून मी वही उघडली. पहाटेचा अभ्यास तिथून सुरू केला.