वाचकांचे प्रश्न : चुकलेल्या मुलाने उत्तर कोणाला द्यायचे?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेतील १५ वर्षांच्या एका मुलाने दोन मित्रांच्या साथीने एका वृद्ध बाईंची पर्स हिसकावली. त्या झटापटीत त्या पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. मुलाला वडील नाहीत, आई दिवसभर कामावर असते. शिक्षकांच्या बैठकीत त्याला समजून घ्यावे, असे काहींनी सुचवले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या बाई येतात. मुलाशी माणुसकीने वागणे हा त्यांच्यावर अन्याय ठरत नाही का?

उत्तर : अशा मुलांविषयी कळवळ्याने बोलणारे आम्ही लोक ज्याचे नुकसान झाले त्यालाच पुष्कळदा विसरतो, त्यामुळे तुमची शंका मला रास्त वाटते. पण कठोर शिक्षेच्या वाटेवर तरी त्या बाईंची आठवण कोण ठेवतो? नेहमीच्या खटल्यात त्या केवळ साक्षीदार असतात. जबाब दिला की त्यांचे काम संपते. मुलाच्या वतीने वकील बोलतो आणि मुलाचे हित गप्प राहण्यात किंवा आरोप नाकारण्यात असते. शेवटी त्याला शिक्षा झाली, तरी त्या बाई मोडलेल्या हाताने घरातली कामे कशी करतात, एकटीने बाहेर पडण्याची त्यांना धास्ती का वाटते, हे त्याच्या कानावर कधीच पडत नाही. शिक्षा भोगणे आणि जबाबदारी घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते दुसरी अधिक अवघड आहे.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाचे लहान गाव आहे. तेथे १९७४ मध्ये दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. मार्क यान्त्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याने (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवलेल्या दोषींवर लक्ष ठेवणारा अधिकारी) न्यायाधीशांना सुचवले की या दोघांनी ज्यांचे नुकसान केले त्यांना समोरासमोर भेटावे. कायद्यात अशी तरतूद नसतानाही न्यायाधीशांनी ते मान्य केले. दोघांनी घरोघरी जाऊन दार वाजवले, आपणच ते केले असे सांगितले, लोकांचे ऐकून घेतले आणि पुढील काही महिन्यांत भरपाई चुकती केली. आज ज्याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात, त्याच्या आधुनिक प्रवासाची सुरुवात बहुतेक अभ्यासक या प्रसंगापासून मानतात. अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून ‘मीच तो’ असे म्हणणे सौम्य शिक्षा आहे, असे मला तरी म्हणवत नाही.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने ही कल्पना थेट व्यवस्थेतच आणली. तेथील मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजाच्या आग्रहामुळे कुटुंबाला निर्णयात स्थान मिळाले. मुलगा, त्याचे नातेवाईक, पोलीस आणि इच्छा असल्यास पीडित व्यक्ती एकत्र बसतात. झालेली हानी मांडली जाते. मग कुटुंबाला काही वेळ एकांत देऊन ती कशी भरून काढणार याची योजना त्यांच्याकडूनच मागितली जाते.

तुमच्या पत्रातील एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो : मुलाबरोबर दोन मित्र होते. या वयात समवयस्कांसमोर धोका पत्करण्याची ओढ वाढते, आणि आवेग आवरण्याची क्षमता तर विशीतही विकसित होत असते. किशोरवयात कायदा मोडणारी बहुसंख्य मुले वय वाढेल तसे ते सोडून देतात. मात्र त्या आधीच ‘गुन्हेगार’ ही त्यांची ओळख पक्की झाली, तर शाळा, नोकरी आणि चांगली संगत हे परतीचे रस्ते एकेक करून बंद होतात.

आणि हा शिक्का सगळ्यांवर सारखा बसत नाही. स्कॉटलंडमधील एडिनबर्गमध्ये १९९८ पासून सुमारे ४३०० मुलांचा दीर्घकालीन अभ्यास झाला. वर्तन तितकेच असूनही गरीब घरांतील आणि पूर्वी पोलिसांच्या नजरेत आलेली मुले यंत्रणेच्या हाती अधिक लागतात, आणि यंत्रणेत खोलवर ओढली गेलेली मुले तशाच इतर मुलांच्या तुलनेत गुन्ह्यांपासून उशिरा दूर होतात, असे त्यात दिसले. सुस्थितीतल्या घरातील मुलाचे असेच कृत्य भरपाई, माफी आणि समुपदेशक यांवर मिटते, त्याला आपण ‘पोरवयातली चूक’ म्हणतो. तुमच्या विद्यार्थ्याला वडील नाहीत आणि आई कामावर असते, हे त्याच्या कृत्याचे समर्थन नव्हे. पण जी संधी दुसऱ्याला न मागता मिळते ती त्याला नाकारण्याचे कारणही ते होऊ नये.

काही मुले इतरांसाठी खरोखर धोकादायक असतात आणि त्यांना काही काळ बंदिस्त ठेवावे लागते, हे मी नाकारत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारानेही मुलांना बंदिस्त ठेवणे निषिद्ध मानलेले नाही. तो शेवटचा उपाय असावा आणि शक्य तितक्या अल्प काळासाठी असावा, अशी त्याची अट आहे.

शाळेने त्या मुलाचे नाव कमी करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रकरण ज्यांच्याकडे आहे त्या अधिकाऱ्यांमार्फत आधी त्या बाईंना विचारावे की त्यांना काय हवे आहे. त्यांना भेट नको असेल तर विषय तिथेच थांबवावा. मुलाच्या सुधारणेचे ओझे त्यांच्यावर टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या तयार असतील, तर दोन्ही बाजूंची स्वतंत्र पूर्वतयारी झाल्याखेरीज भेट घडवू नये, कारण शिकवून पाठवलेली माफी ऐकणाऱ्याला पुन्हा दुखावते.

प्रश्न : अशा मुलांना एकदा तुरुंग दाखवून आणला, तर धाक बसणार नाही का?

उत्तर : हा प्रयोग होऊन गेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडून त्यांना कारावासाचे भय घालत असत, आणि इतरत्रही त्याचे अनुकरण झाले. पुढे अशा कार्यक्रमांची काटेकोर तुलना करण्यात आली, तेव्हा ज्यांच्या बाबतीत काहीही केले नव्हते अशा मुलांपेक्षा तुरुंगात नेऊन आणलेल्या मुलांच्या हातून अधिक गुन्हे घडल्याचे आढळले. त्या एका दिवसाचा खर्च आणि श्रम, आठवड्यातून दोनदा मुलाला भेटून त्याचे ऐकणाऱ्या एखाद्या विश्वासू मोठ्या माणसासाठी वापरावेत, असे मी सुचवेन.