मार्चच्या सुरुवातीच्या थंडीत हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ड्राय फ्लायने (किड्यासारख्या दिसणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बनावट आमिषाने) ट्राउट मासा लागतो का? सराव साताऱ्यात कुठे करू?

लागतो, पण दिवसभर नाही. पहाटे गळ घेऊन नदीवर पोचायची आपली कृष्णाकाठची सवय तिथे कामाची नाही. पाणी गार असलं की ट्राउटचं पचन मंदावतं, भूक कमी होते आणि तो जोराच्या धारेतून निघून संथ डोहात तळाशी बसतो. पाणी 5 अंशांच्या खाली असेल तर तरंगत्या फ्लायसाठी तो सहसा वर येत नाही. ऊन दरीत उतरलं की, साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान, पाणी थोडं तापतं आणि चिलटांएवढे किडे पाण्यातून वर निघायला लागतात. तेवढीच तुमची वेळ. म्हणून सकाळी आरामात नाष्टा करा आणि पाण्यात बुडवायचा थर्मामीटर बरोबर ठेवा.

नदीवर गेल्यावर लगेच दोर फेकू नका. आधी डोहाच्या शेपटाकडे, जिथे पाणी उथळ आणि संथ होतं, तिथे बघत बसा. थंडीतला ट्राउट उडी मारत नाही. पाण्यावर एक छोटं वर्तुळ उमटतं, कधी नुसतं नाकाचं टोक दिसतं. थोड्या वेळाने पुन्हा तिथेच. गार पाण्यात तो किड्यासाठी हातभरसुद्धा बाजूला सरकायला तयार नसतो, त्यामुळे फ्लाय त्याच्याच रेषेत, वर्तुळाच्या दोन-तीन फूट वरच्या अंगाला पडायला हवी. हुक 18 ते 22 नंबरचे, म्हणजे अगदी छोटे; शेवटची तार, म्हणजे फ्लाय बांधायचा नायलॉनचा धागा, 6एक्स, म्हणजे खूप बारीक. मोठ्या झुबकेदार फ्लाय घरी ठेवल्या तरी चालेल.

खरी गोम पुढे आहे. तुम्ही आणि मासा यांच्यामधली धार जोरात असते, मासा संथ पाण्यात असतो. धार दोराला ओढते आणि फ्लाय मागे बारीक रेघ काढत घसरते. ती रेघ दिसली की मासा ती घेत नाही, बऱ्याचदा वर यायचंच थांबवतो. म्हणून फ्लाय पडल्या पडल्या दोराचा मधला भाग उचलून धारेच्या वरच्या बाजूला टाकायचा, म्हणजे फ्लाय मोकळी वाहते. फ्लाय दिसली नाही तरी तिच्या आसपास वर्तुळ उमटलं की काठी हळूच उचला. हिसका दिलात तर तार तुटेल.

दोराचा मधला भाग असा धारेच्या वर टाकायचा सराव साताऱ्यात उत्तम होतो. माहुलीला कृष्णा-वेण्णा संगमाच्या जरा खाली, पाणी वाहतं असेल अशी जागा बघा. हुकाऐवजी लोकरीचा पिवळा तुकडा बांधा आणि तो किती लांब न घसरता वाहतो एवढंच बघा. घाटावर लोक अंघोळीला, दशक्रियेला येतात. तिथून लांब राहा. मी सांगलीत हरिपूरच्या संगमाकडे हेच करतो, आणि पुस्तक वाचून न कळलेली गोष्ट तिथे हाताला कळते. ट्राउट मात्र आपल्याकडे शोधू नका. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात, आणि कृष्णा उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी वर जाते.

एक विनंती मनापासून. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. मार्चला बंदी उठते तेव्हाही ब्राउन ट्राउटची पिल्लं गोट्यांच्या फटीत असू शकतात. तळात आजूबाजूपेक्षा स्वच्छ, उजळ दिसणारा बारीक गोट्यांचा पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका, वळसा घाला. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. मासा सोडताना हात ओले करा आणि त्याला पाण्यातच ठेवून हुक काढा; हवा गोठणबिंदूच्या खाली असेल तर बाहेर काढलेल्या माशाचे कल्ले काही क्षणांतच दुखावतात.