एकाच अंकात भाषा, शेती, अध्यात्म आणि मॅनेजमेंट : यातलं खरं काय मानायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की एका संशोधन नियतकालिकाचा अंक तुमच्या हाती आला. त्यात परकी भाषा शिकवण्याच्या पद्धतीवर एक निबंध, पिकाच्या खतमात्रेवर दुसरा, ध्यान आणि मनःशांतीवर तिसरा, कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर चौथा. ही भेळ एका पुठ्ठ्यात कशी आली, आणि यातला एकही विषय न शिकलेल्या माणसाने कशावर किती विश्वास ठेवायचा?

पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात. सगळे विषय एकत्र छापणं हा काही गुन्हा नाही. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ ही नावाजलेली विज्ञान नियतकालिकंसुद्धा तेच करतात. पण पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांनाही अशी ऐसपैस पाटी सोयीची पडते. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक खोटा निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला होता. १५७ जणांनी तो स्वीकारला. तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘तज्ज्ञांनी तपासलेले’ हे शब्द मुखपृष्ठावर किती मोठ्या टायपात आहेत, त्यावरून काही ठरवू नका. निबंध उघडूनच बघावा लागतो.

दुसऱ्या भागावर मला बोलायचं आहे. मी शिकलो कृषी संख्याशास्त्र. हळूहळू इतर विषयांतले पीएचडीवाले आकडे तपासून घ्यायला येऊ लागले आणि आता माझा अर्धा वेळ त्यातच जातो. इतक्या वर्षांत मला एक खोड लागली आहे : निबंध कशावरही असो, मी तो शेतीचा असल्यासारखा वाचतो.

त्याला कारण आहे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात १८४३ साली जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गहू पेरला आणि एकेका पट्ट्याला वेगवेगळं खत द्यायला सुरुवात केली. एकाला शेणखत, दुसऱ्याला रासायनिक, एकाला काहीच नाही. तो प्रयोग आजही चालू आहे. १९१९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथे नोकरीला लागले, तेव्हा पाऊण शतकाचे आकडे साठलेले होते आणि त्यांतून नेमकं काय सिद्ध होतं हा पेच होता. शेणखताच्या पट्ट्यात गहू जास्त आला, ठीक. पण तो शेणखताने आला की तो पट्टाच मुळात कसदार होता? एकाच शेतात एका कोपऱ्यात पाणी साचतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात वीतभर खाली मुरूम लागतो, हे शेती केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

फिशर यांनी काढलेला तोडगा ऐकायला अगदी साधा आहे. जमिनीचे लहान लहान प्लॉट पाडा. प्रत्येक खत एकाच नव्हे, अनेक प्लॉटना द्या. आणि कुठल्या प्लॉटला काय मिळणार हे स्वतः ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. स्वतः ठरवलंत तर आवडत्या वाणाला नकळत बरी जागा दिली जाते. हे प्रामाणिक माणसाच्याही हातून होतं. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली, क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची ब्रिटनमधली गाजलेली चाचणी याच चिठ्ठीच्या तत्त्वावर झाली. पुढे ते तत्त्व शाळांत गेलं, कचेऱ्यांत गेलं, प्रार्थनेपर्यंत पोचलं. म्हणजे तुमच्या अंकातले बाकीचे तीन निबंध शेतीकडून उसनं घेतलेल्या अवजाराने काम करत असतात. उसन्या अवजाराची मूठ कधीकधी हातात नीट बसत नाही, एवढंच.

भाषाशिक्षणापासून सुरुवात करू. माझ्याकडे एक संशोधक आल्या होत्या. चाळीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या. एकीला गोष्टी सांगत सांगत भाषा शिकवली, दुसरीला व्याकरणाचे नियम देऊन. गोष्टीवाली तुकडी परीक्षेत बरीच पुढे. सॅम्पल ऐंशीचं, गाईड खूश, निष्कर्ष तयार. मी विचारलं, शिक्षक किती होते? दोन. प्रत्येक तुकडीला एक. गोष्टीवाल्या बाई विद्यार्थ्यांच्या लाडक्या आणि त्यांचा तास सकाळचा. व्याकरणवाल्या सरांचा तास जेवणानंतरचा, जेव्हा निम्म्या वर्गाच्या माना डुलतात. मग फरक पद्धतीचा, शिक्षकाचा की घड्याळाचा? मी त्यांना म्हटलं, एका वाफ्यातली चाळीस रोपं मोजली म्हणून चाळीस वाफे होत नाहीत. तुमच्याकडे विद्यार्थी ऐंशी आहेत, प्लॉट दोनच. आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग आल्या आणि निष्कर्षाचं अख्खं प्रकरण स्वतःच बदलून घेऊन आल्या.

या चुकीला स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये नावही दिलं आहे. मराठीत त्याला छद्म पुनरावृत्ती म्हणता येईल. त्यांनी ती पर्यावरणशास्त्राच्या निबंधांत दाखवली होती, पण मला ती सगळ्यात जास्त भेटते शिक्षणाच्या प्रबंधांत.

याचा अर्थ सॅम्पल मोठं हवं असा मात्र काढू नका. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विस्मरणाचा जो आलेख मांडला तो एकाच माणसावरच्या प्रयोगातून आला, आणि तो माणूस तो स्वतःच. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती श्रम वाचले ते मोजायचं. अक्षरं निरर्थक का, तर ओळखीच्या शब्दाला आधीच्या आठवणी चिकटलेल्या असतात. २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या दोन संशोधकांनी, पुन्हा एकाच माणसावर, तो प्रयोग करून पाहिला आणि आलेख बराचसा तसाच आला. याउलट २०१८ चा एक अभ्यास घ्या. ऑनलाइन व्याकरण चाचणी देणारे जवळजवळ ६ लाख ७० हजार लोक, आणि निष्कर्ष असा की नव्या भाषेचं व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण १७.४ वर्षांच्या वयापर्यंत टिकते आणि मग घसरते. बातम्या खूप झाल्या. २०२२ मध्ये दुसऱ्या गटाने तेच आकडे वेगळ्या रीतीने तपासले, तेव्हा शिकणाऱ्यांच्या वेगवेगळ्या गटांत चित्र वेगवेगळं निघालं आणि सगळ्यांना लागू होणारी ती एकच वयोमर्यादा डळमळली. एक माणूस तरला आणि साडेसहा लाख वादात सापडले. मोजमाप किती घट्ट आहे हे आधी बघायचं, डोकी नंतर मोजायची.

आता मॅनेजमेंट. इथे शेतीपेक्षा वेगळा असा एक घोळ आहे आणि माझ्या मते तुमच्या अंकातल्या निम्म्या चुका त्यातच असतील. गव्हाचं रोप ‘मला शेणखताच्या प्लॉटमध्ये जायचंय’ असं म्हणत नाही. माणूस म्हणतो.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात यावर एक फार देखणा प्रयोग झाला आहे. विद्यापीठाच्या ४,८३४ कर्मचाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठीने निवडून आरोग्य उपक्रमात येण्याची संधी दिली, बाकीच्यांना नाही. संशोधकांनी एकाच आकडेवारीवर दोन हिशेब केले. पहिला नेहमीचा : संधी मिळालेल्यांपैकी जे उपक्रमात आले त्यांची तुलना जे आले नाहीत त्यांच्याशी. आलेले लोक व्यायामशाळेत जास्त जाणारे, औषधोपचारावर कमी खर्च करणारे, नोकरी कमी सोडणारे. उपक्रम झकास! दुसरा हिशेब चिठ्ठीचा : संधी मिळालेला सगळा गट, मग ते आलेले असोत वा नसोत, विरुद्ध संधी न मिळालेला गट. फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे उपक्रमाने लोक निरोगी झाले नव्हते. निरोगी लोक उपक्रमात आले होते. अशा उपक्रमांवरचे किती निबंध पहिल्याच हिशेबावर थांबतात याचा विचार केला की मला थोडं उदास वाटतं.

घरून काम करण्यावरचा अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा चीनमधला प्रयोगही याच कारणासाठी वाचण्यासारखा आहे. एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमधले २४९ इच्छुक कर्मचारी. वाढदिवसाची तारीख सम असेल तर घरून काम, विषम असेल तर कार्यालयात. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. यापुढचा भाग बातमीत येत नाही. प्रयोग संपल्यावर सगळ्यांना निवड करू दिली, तर निम्म्याहून अधिक लोकांनी आपली जागा बदलली, आणि मग घरून काम करण्याचा फायदा २२ टक्क्यांच्या आसपास दिसू लागला. तेच काम, तीच कंपनी. चिठ्ठीने १३, निवडीने २२. मधलं अंतर म्हणजे ज्याला जे मानवतं ते त्याने घेतल्याचा परिणाम. इतकंच की तेही २४९ जण मुळात स्वतः हात वर केलेलेच होते, हे तो निबंध उद्धृत करणारे विसरतात.

हॉथॉर्नचं नाव तुमच्या चौथ्या निबंधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात बहुधा असेलच. १९२० च्या दशकात शिकागोजवळच्या त्या कारखान्यात दिवे वाढवले तर काम वाढलं, कमी केले तरी वाढलं, म्हणजे आपल्याकडे कुणी लक्ष देतंय या भावनेनेच माणूस जास्त काम करतो, अशी ती गोष्ट. लेव्हिट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी हरवले असं समजले गेलेले मूळ आकडे मिळवून तपासले. दिव्यांतले बदल रविवारी, कारखाना बंद असताना केलेले होते आणि सोमवारी काम एरवीही जास्तच होत असे. आकड्यांत त्या गोष्टीचा पुरावा फार क्षीण निघाला. तरी प्रत्येक पाठ्यपुस्तकात ती आहे, कारण ती ऐकायला छान आहे.

अध्यात्मावरच्या निबंधांत दोन अगदी वेगळ्या जाती असतात. पहिली जात प्रश्नावलीची. दोनशे लोकांना ‘आध्यात्मिकता’ आणि ‘कामातलं समाधान’ अशा दोन प्रश्नावल्या एकाच बैठकीत भरायला द्यायच्या आणि दोन्हींचा सहसंबंध सापडला म्हणायचं. सापडणारच. त्या दिवशी ज्याचा मूड बरा, तो दोन्हीकडे वरचे आकडे टिकमार्क करतो. शिवाय प्रश्न वाचून बघा : आध्यात्मिकतेच्या प्रश्नावलीतच ‘मला जीवन अर्थपूर्ण वाटतं’ असं विधान असतं. समाधान मोजायच्या मापातच समाधान घातलं, तर दुसरं काय निघणार? हॅरॉल्ड कोनिग यांनी २००८ मध्येच ही तक्रार केली होती, आणि ते स्वतः धर्म आणि आरोग्य याच विषयातले जुनेजाणते संशोधक.

दुसरी जात धाडसी प्रयोगांची. २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही, आणि दोघांनाही सांगितलेलं की प्रार्थना होईलही, कदाचित होणारही नाही. तिसऱ्यासाठी प्रार्थना केली आणि तसं स्पष्ट सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ५२, ५१ आणि ५९ टक्के. ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ हे ठाऊक असलेल्यांचा आकडा सगळ्यात वाईट. नास्तिकांनी यावर टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. खताच्या प्रयोगात शेजारच्या प्लॉटचं खत पाण्याबरोबर इकडे झिरपतं, म्हणून आम्ही काठाच्या ओळी सोडून फक्त मधलं पीक मोजतो. ग्रॉस प्लॉट वेगळा, नेट प्लॉट वेगळा. ज्यांच्यासाठी ‘प्रार्थना नाही’ त्या रुग्णांच्या आया, बायका, भावंडं घरी काय करत असतील? तिथे काठाची ओळ कुठे आखणार? हा प्रयोग अनोळखी माणसाच्या जादा प्रार्थनेबद्दल काही सांगतो. प्रार्थनेबद्दल तो गप्प आहे.

ध्यानाचं तसं नाही. ते माणूस स्वतः करतो, त्यामुळे शिकवता येतं, थांबवता येतं, मोजता येतं. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना कमी होतात याचा मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला; औषध किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. तुमचा तिसरा निबंध यापेक्षा फार मोठं काही सांगत असेल, तर खुर्चीत सावरून बसा.

आणि शेतीचा निबंध, माझ्या स्वतःच्या घरचा, तोही सोडू नका. तिथली चिठ्ठी सहसा नीट टाकलेली असते. आरबीडी (म्हणजे सारख्या जमिनीचे गट पाडून प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकणं), तीन-चार रेप्लिकेशन (तोच उपचार तितक्या वेगळ्या प्लॉटवर), तक्त्याखाली सीडी (किती फरक खरा मानायचा त्याची मर्यादा), सगळं शिस्तीत. रोग दुसरा आहे : एकच हंगाम, एकच प्रक्षेत्र आणि निष्कर्षात मात्र ‘शेतकऱ्यांनी ही मात्रा वापरावी’. २०१५ मध्ये बिनानांगरणीच्या शेतीवरच्या ६१० अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. सरासरी उत्पन्न थोडं घटलेलं दिसलं, पण कोरड्या हवामानात, पिकांचा फेरपालट आणि जमिनीवर पालापाचोळ्याचं आच्छादन अशी जोड मिळाल्यावर, ते वाढूही शकतं असं निघालं. त्यातला कुठलाही एक निबंध तुम्ही वाचला असता, तर तुमचं मत त्या एका शेताच्या पावसाने ठरवलं असतं.

तेव्हा सारांश आणि निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवा आणि चारही निबंधांत ‘पद्धती’ हा भाग उघडा. कुणाला काय मिळालं हे कुणी ठरवलं, आणि वाफे खरोखर किती होते, एवढं पेन्सिलीने समासात लिहा. ते सापडलंच नाही तर पहिल्या पानाच्या तळाशी लेखकाचा ईमेल असतो, तिथे विचारा. मी विचारतो. बरेच जण उत्तर देतात. एका निबंधाच्या लेखकाने तर मला चिठ्ठ्या टाकलेल्या कागदाचा फोटो पाठवला होता, घड्या पडलेला, कोपऱ्यावर चहाचा डाग असलेला. त्या निबंधावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला.