व्हेनिसजवळच्या किओज्जा गावात गाईडसोबत फूड टूर घ्यावी का?

हो, जरूर घ्या, पण सकाळचीच. किओज्जातलं खाणं मासळीबाजारापासून सुरू होतं, आणि वेना कालव्याकाठचा तो बाजार दुपारपर्यंत आटोपतो. सोमवारी बंदच असतो. गाईडचा खरा उपयोग तिथेच होतो: कवच टाकलेले मऊ खेकडे, म्हणजे 'मोएके', फक्त वसंतात आणि शरदात थोडे दिवस मिळतात, ते आलेत का आणि चांगले तळून कुठे देतात हे स्थानिक माणूसच सांगू शकतो. 'सार्दे इन साओर' अजिबात चुकवू नका: तळलेल्या तारल्यांवर व्हिनेगरमध्ये मऊ शिजवलेला भरपूर कांदा, आणि किमान रात्रभर मुरवलेलं. शाकाहारी असाल तर मात्र बुकिंगआधी विचारून घ्या. लाल रादिक्यो (कडवट पालेभाजी) आणि खडबडीत सालीच्या भोपळ्याची न्योकी (पिठाचे छोटे मऊ उकडलेले गोळे) उत्तम असते, पण बहुतेक पदार्थ मासळीचेच.