जुन्या रेस्टॉरंटमध्ये वेटरसाठी पेजर लावले तर खरंच सर्व्हिस सुधारते का?

हो, सुधारते. पेजर म्हणजे बटण दाबलं की वेटरला थरथरून इशारा देणारं छोटं बिनतारी यंत्र. तुम्ही लिहिलंय की फोर्टमध्ये काकांचं जुनं रेस्टॉरंट आहे, भटारखाना मागे, वर पोटमाळा, आणि गर्दीच्या वेळी निम्मे वेटर भटारखान्याच्या खिडकीपाशीच उभे असतात. अगदी हेच आमच्याकडे होतं, म्हणून सविस्तर लिहितो. आधी एकच सांगतो: पेजरचं बटण गिऱ्हाइकाच्या टेबलावर नको, आचाऱ्याच्या हाताशी हवं.

मी गिरगावातल्या एका जुन्या मराठी उपाहारगृहात गल्ल्यावर बसतो. दगडी भिंती, उंच छत, शहाबादी फरशी, संगमरवरी टेबलं. आतून आचारी ओरडायचा, "दोन थालीपीठ, एक कोथिंबीर वडी घ्या!" तो आवाज फरशीवर आपटून सगळीकडे घुमायचा आणि नेमका ज्याची ऑर्डर त्यालाच कळायचा नाही, कारण तो वर माळ्यावर पाणी देत असायचा. मग वेटरनी त्यावर उपाय काढला, खिडकीशी थांबायचं. तिथे थांबले की खाली टेबलं उघडी पडतात. पाणी मिळत नाही, बिल मिळत नाही, उठलेल्या माणसाची ताटली तशीच राहते. आणि थांबले नाहीत तर पदार्थ मरतो. साबुदाणा वडा बघा. तळून काढल्यावर त्याचं कुरकुरीत कवच आतल्या वाफेनंच मऊ पडायला लागतं. वडा चांगला झाला नाही अशी तक्रार आचाऱ्याच्या माथी यायची, खरं तर तो खिडकीत पडून राहिलेला असायचा.

आता खिडकीच्या आतल्या बाजूला आकड्यांची एक पेटी आहे. पदार्थ तयार झाला की आचारी त्या वेटरचा नंबर दाबतो आणि वेटरच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. आवाज नाही. आमच्या सगळ्यात जुन्या वेटरकाकांना हल्ली ऐकू कमी येतं. पूर्वी त्यांची ऑर्डर कायम मागे राहायची, पोरं त्यांच्यावर चिडायची. थरथर मात्र त्यांना बरोबर कळते. माझ्या लेखी एवढ्यासाठीच हा खर्च सार्थकी लागला.

टेबलावरची बटणंही आम्ही लावून पाहिली. तीन आठवड्यांत काढली. लहान मुलं दाबत बसायची, तेलकट बोटांनी ती चिकट व्हायची, आणि रोज येणाऱ्या माणसांना ते आवडलं नाही. आमच्याकडे काही आजोबा असे आहेत की ते हात वर करत नाहीत, नुसती मान वळवतात, आणि वेटरला कळतं की दुसरा चहा हवा. ते नातं बटणावर आणायची गरज नव्हती. फक्त माळ्यावर, जिथून खाली कुणी दिसत नाही, तिथल्या चार टेबलांवर बटणं ठेवली आहेत. तिथे ती उपयोगी पडतात.

तुमच्या इमारतीत खरी अडचण भिंतींची येईल. असे साधे संच बहुधा 433 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात. ती लहर जवळजवळ 70 सेंटिमीटर लांबीची असते, वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची साधारण 12. लांब लहर जाड भिंतीतून जास्त चांगली जाते, त्यामुळे जुन्या वास्तूला हाच संच बरा. पण धातू आडवा आला की लहर अडते. आमची पेटी आधी स्टीलच्या मांडणीमागे होती, माळ्यावर काहीच पोचत नव्हतं. ती खिडकीच्या वर हलवली, जिन्याच्या वळणावर एक रिपीटर, म्हणजे आलेली लहर पुन्हा जोरात पुढे पाठवणारं यंत्र, बसवला, मग जमलं. खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं, त्यावर जाऊ नका.

आपल्याकडे 433 ते 434 मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. परदेशातून कुणी संच आणून देत असेल तर तो कोणत्या पट्ट्यात चालतो आणि त्याला डब्ल्यूपीसीची (बिनतारी उपकरणांना मान्यता देणारा केंद्र सरकारचा विभाग) मान्यता आहे का, हे आधी बघा. इमारत वारसा यादीत असेल तर बिनतारी संचाचा आणखी एक फायदा: भिंत फोडायची नाही, वायर ओढायची नाही. आमची पेटी दुहेरी चिकटपट्टीवर आहे.

वेटरशी मात्र आधी बसून बोला. आमच्या पोरांना वाटलं, आता किती वेळात आलो हे मोजणार आणि पगार कापणार. वेळेची नोंद ठेवणारे संचही मिळतात. आम्ही मुद्दाम नोंद न ठेवणारा घेतला आणि मालकांनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर कुणी घड्याळ "विसरून" घरी ठेवलं नाही. रात्री घड्याळं गल्ल्यामागे नंबराच्या खिळ्यांवर लटकवून चार्जिंगला लावतो.

विकणाऱ्याला सकाळी रिकाम्या हॉलमध्ये डेमो देऊ देऊ नका. दुपारी दीडला बोलवा, सगळे बर्नर चालू, हॉल भरलेला, आणि पोटमाळ्याच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात स्वतः घड्याळ बांधून उभे राहा. दहा वेळा बटण दाबायला सांगा. दहाही वेळा मनगट थरथरलं तरच पैसे द्या.